४.३ दीर्घ मालिकेचे मूल्यमापन : ‘चार दिवस सासूचे’

‘मालिका आता घसरली’ हा झाला अभिप्राय. त्याला समीक्षेचे रूप द्यायचे तर निकष सांगावा लागतो. ई टीव्ही मराठीवर २००१ ते २०१३ या काळात ३,००० हून अधिक भाग प्रसारित झालेली ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका उदाहरण म्हणून घेऊ. निकष तिच्या शीर्षकातच सापडतो. ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ या म्हणीचा उत्तरार्ध येथे अध्याहृत आहे. म्हण घरातील अधिकाराच्या पालटाविषयी बोलते.

पुनरुक्ती हा आपोआप दोष ठरत नाही. भाग हुकलेल्या प्रेक्षकासाठी संवादांतून पूर्वकथा पुन्हा सांगावी लागते. मात्र संघर्षामागून संघर्ष येऊनही पात्रांचे परस्परसंबंध आणि त्यांचा बोलण्याचा अधिकार तसाच राहिला, तर कथा केवळ लांबते; तेव्हा घसरणीचा आक्षेप साधार ठरतो.

स्वाध्याय : कोणत्याही दीर्घ मालिकेचा एक आरंभीचा व एक अलीकडचा भाग पाहा. सासू-सुनेच्या संवादांतील संबोधने आणि आज्ञार्थी क्रियापदे यांची तुलना करून आपले मत सोदाहरण मांडा.