समुद्रातही फॉरेस्टवाले असतात का?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाताना नावाडी म्हणाला, "खाली प्रवाळ आहेत. काही उचलून आणू नका, फॉरेस्टवाले धरतात." माझ्या बोटात मंगळासाठी घातलेलं पोवळं होतं. ती मूठ मी किल्ला येईपर्यंत उघडली नाही! समुद्रातही फॉरेस्टवाले असतात का? आणि पाण्याखालच्या वस्तूवर ते लक्ष तरी कसं ठेवतात?
– एक वाचक, रिसोड (जि. वाशीम)

उत्तर : आधी मूठ उघडा. तुमचं पोवळं अस्सल असेल, तर ते बहुधा भूमध्य समुद्रातलं आहे. (अस्सल नसेल तर रंगवलेली काच. तो विषय तुमचा आणि तुमच्या सोनाराचा.) मालवणच्या पाण्यात वाढतात ते प्रवाळ दूरच्या नात्यातले. त्यांची अंगठी होत नाही, त्यांचा खडक होतो.

प्रवाळ म्हणजे दगडही नव्हे आणि झुडूपही नव्हे, तो प्राणी आहे. इवलासा, तोंडाभोवती बारीक सोंडा असलेला. असे हजारो जीव शेजारी शेजारी बसतात आणि आपल्याखाली चुन्याचं घर बांधत जातात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवालं भाडेकरू म्हणून राहतात. ती उन्हावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतात. प्रवाळाचा रंगही बराचसा या भाडेकरूंमुळेच. गोट्यासारखा वाढणारा प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. पर्यटकाने पाय ठेवून मोडलेला तुकडा भरून यायला एक पिढी लागू शकते, ती यामुळे.

आता फॉरेस्टवाल्यांविषयी. तुमच्या जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळ अभयारण्यातल्या काळविटाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अनुसूची एकमध्ये जागा दिली आहे. कठीण प्रवाळही त्याच अनुसूचीत आहेत. म्हणजे काळवीट मारणं आणि प्रवाळ तोडून घरी आणणं, कायद्याच्या लेखी दोन्ही एकाच पंगतीतले गुन्हे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या आसपासचा २९.१२ चौरस किलोमीटरचा पट्टा १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यातला तीन चौरस किलोमीटरहून थोडा अधिक भाग गाभा क्षेत्र आहे. इथे जिवंत प्रवाळ असल्याची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच प्रसिद्ध केली होती. किनाऱ्याकडे बघायला वन विभागाने २०१२ मध्ये वेगळा कांदळवन कक्षही काढला. तेव्हा हो, समुद्रातही फॉरेस्टवाले असतात. फक्त त्यांच्या हद्दीला कुंपण घालता येत नाही.

लक्ष कसं ठेवतात, हा तुमच्या प्रश्नातला खरा मासलेवाईक भाग. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून होणारी प्राण्यांची गणना तुम्ही पाहिली किंवा ऐकली असेल. प्राणी पाण्यावर येतो आणि माणूस मोजतो. प्रवाळ कुठेच जात नाही, म्हणून माणसालाच पाण्यात उतरावं लागतं. पाणबुडे तळावर वीस किंवा पन्नास मीटरची टेप अंथरतात आणि तिच्याखाली काय काय येतं ते नोंदत जातात: जिवंत प्रवाळ, मेलेला प्रवाळ, शैवाल, वाळू. कुठे नळ्यांची चौकट ठेवून तेवढ्याच तुकड्याचा फोटो घेतात. पीक कापणी प्रयोगात तलाठी नि कृषी सहायक शेताचा एक तुकडा आखून सगळ्या गावाचा अंदाज बांधतात ना, तसंच हे. फरक इतकाच की, इथे लिहायची पाटी प्लॅस्टिकची, पेन्सिल दोरीने बांधलेली, आणि टाकीतली हवा संपायच्या आत काम उरकायचं. पुढच्या वर्षी त्याच जागी परत जायचं. एकदा मोजून काहीच कळत नाही. पावसाळ्यात तर पाणी इतकं गढूळ असतं की, टेप अंथरून उपयोग नाही.

वरूनही नजर असते. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा समुद्र अंशभराने जास्त तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, तर प्रवाळ त्या भाडेकरू शैवालांना हाकलून देतो आणि पांढराफटक पडतो. याला विरंजन म्हणतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहाच्या तापमानावरून त्याचा इशारा देते. १९९८, २०१० आणि २०१६ ही भारतातल्या प्रवाळांसाठी अशीच पांढरी वर्षं होती. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातलं चौथं विरंजन जाहीर झालं. इशारा मिळाला म्हणून समुद्र थंड करता येत नाही. मात्र त्या दिवसांत तिथली पर्यटकांची गर्दी तरी कमी करता येते.

लोकांचं म्हणाल, तर सुरुवात भांडणाने झाली. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मालवणच्या मच्छीमारांनी विरोध केला, कारण पोटापाण्याचीच जागा राखीव झाली होती. रोह्यांनी आणि हरणांनी तूर खाल्ल्यावर वाशीमचा शेतकरी वन विभागाला जे म्हणतो, त्याहून हे वेगळं नाही, आणि मला ते चूकही वाटत नाही. गेल्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने सिंधुदुर्गात राबवलेल्या प्रकल्पाने म्हणूनच मच्छीमारांपासून सुरुवात केली. ट्रॉलरच्या जाळ्याला ४० मिलिमीटरची चौकोनी आस (म्हणजे जाळ्याची भोकं) ठेवली की पिल्लं निसटून जातात आणि उद्याची मासळी उरते, हा त्यातला एक उपाय. तुतिकोरिनच्या सागरी संशोधन संस्थेच्या मदतीने सिमेंटच्या चौकटींवर जिवंत प्रवाळाचे तुकडे बांधून कलमंही करण्यात आली. मुंबईत सागरी किनारा रस्त्याच्या आड आलेले वरळी आणि हाजी अलीचे प्रवाळ २०२०मध्ये हलवले, तेव्हाही असंच हाताने उचलून दुसऱ्या खडकावर चिकटवावं लागलं. रस्ता आधी आखायचा आणि प्रवाळ मागाहून उचलायचे, हा क्रम मात्र मला पटत नाही.

मोठं दुखणं मालवणच्या बाहेर आहे. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत कान्होजी आंग्रे यांच्या नावाचं अँग्रिया बँक हे बुडालेलं पठार आहे, त्यावर भरघोस प्रवाळ आहेत. पण देशाची सागरी हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे जेमतेम २२ किलोमीटर. त्यापलीकडे राज्याचं अभयारण्य पोचत नाही, दिल्लीलाच हालचाल करावी लागते.

वाशीमच्या नद्यांचा या प्रवाळांशी थेट संबंध जोडायचा मोह मी आवरतो. काटेपूर्णेचं पाणी पूर्णा-तापीतून गुजरातच्या किनाऱ्याला जातं, पैनगंगेचं गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागरात. मालवणला तुमचा गाळ पोचत नाही. पोचता तुम्ही, दिवाळीत.

आणि एक शब्द दोघांचा सारखा आहे: नांगर. तुमच्याकडे तो जमीन उकलतो, मालवणात तो होडी धरून ठेवतो. प्रवाळावर पडला की मात्र तोही उकलतोच. पुढच्या खेपेला स्नॉर्केलिंगला जाल, तेव्हा नावाडी लोखंड कुठे सोडतो ते बघा. खाली वाळू दिसेपर्यंत थांबणारा असेल, तर त्याच्याशी भाड्याची घासाघीस करू नका.