शाळा उघडण्याआधी शहागंजात एक फेरी

चि. सोनू हिस,


शहागंजच्या शाळेत तुझी नेमणूक झाली आणि पहिलीचा वर्ग तुझ्याकडे आला, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. तू पाठवलेली खरेदीची यादीही वाचली. कार्डशीट, तोरणं, अक्षरकार्डं, मणी, सगळं आण. प्रवेशोत्सवाच्या दिवशी वर्ग बघून नव्या मुलाला आत यावंसं वाटलं पाहिजे. पण शाळा उघडायला जे आठ-दहा दिवस उरलेत, त्यांतल्या दोन-तीन संध्याकाळी वस्तीसाठी राखून ठेव. तुझ्या तयारीतलं पहिलं काम मी हेच मानते.

सिटी चौकात रिक्षा सोड आणि सराफ्याच्या रस्त्यानं चालत ये. चमनभोवतीच्या फळांच्या गाड्या, मशिदीजवळची वर्दळ, राजाबाजारातला संस्थान गणपती, मग चेलीपुरा, नवाबपुरा. तुझ्या पटावरची बरीच मुलं याच गल्ल्यांतून येणार. कुणाच्या घरी गेलीस तर हातात फॉर्म नेऊ नकोस. आधार, जन्मदाखला यांची विचारणा शाळेतून होणारच आहे. पहिल्याच भेटीत बाईंनी कागद मागितला की आई बिचकते आणि मग वर्षभर फाटकाबाहेरूनच बोलते. मुलाला घरात काय म्हणून हाक मारतात ते विचार. घरात कोण कोणती भाषा बोलतं ते विचार. आणि नळाला पाणी कधी येतं, तेही विचार.

पाण्याचं वाचून थांबली असशील. या शहरात जायकवाडीचं पाणी नळाला रोज येत नाही, दिवसांच्या अंतरानं येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी मोठी बहीण पाणी भरायला घरी थांबते. धाकट्याला शाळेत सोडणारी तीच, म्हणून तोही थांबतो. हजेरीपटावर दोघांची नुसती गैरहजेरी दिसते. पाण्याचा दिवस तुला माहीत असेल तर नवं अक्षर किंवा नवी संख्या त्या दिवशी सुरू करू नकोस. उजळणी घे, गाणी घे, गोष्ट सांग. आणि दुसऱ्या दिवशी आलेल्या मुलाला सगळ्यांसमोर ‘काल का आला नाहीस?’ असं दरडावू नकोस. सहा वर्षांच्या मुलाकडे त्याचं उत्तर नसतं.

भाषेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पहिलीचं खरं अवघडपण तिथे आहे. शाळा मराठी माध्यमाची असली, तरी वर्गात घरची दक्खनी बोलणारं मूल असेल, मारवाडी बोलणारं असेल, कामासाठी परप्रांतातून आलेल्या घरातलं हिंदी बोलणारं असेल, आणि ठसठशीत मराठवाडी बोलणारंही. पाठ्यपुस्तक गृहीत धरतं की मुलाला बोली मराठी येते, आता फक्त वाचायला शिकवायचं. ज्याला ती येत नाही, ते मूल एकाच वेळी भाषाही शिकतं आणि अक्षरंही. उर्दूत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत. ते मूल ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणालं तर ती चूक म्हणून मोजू नकोस. तू नीट उच्चार, त्याला ऐकू दे, महिना-दोन महिने जाऊ देत. दक्खनीत मराठीतून आलेले पुष्कळ शब्द आहेत, तिथून सुरुवात केलीस तर त्या मुलाला पहिल्याच आठवड्यात वाटेल की आपल्यालाही काहीतरी येतं.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा पुस्तकांतल्या क्यूआर कोडबद्दल खूप लिहिलं गेलं. मला त्यामागची गोष्ट जास्त मोलाची वाटते. मुलांची घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा वेगळी आहे हे त्यांनी ओळखलं आणि पुस्तकातला मजकूर आधी मुलांच्या भाषेत नेला. क्यूआर कोड त्याच्या पुढची पायरी होती. त्याही आधी बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच केलं होतं. आदिवासी मुलं शाळेत येईनात तेव्हा त्या शाळाच घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. तुला तेवढं लांब जायचं नाही. शाळेपासून चार गल्ल्या पुरेत.

अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती घालणारं कुणी ना कुणी स्टाफरूममध्ये भेटेलच. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण घाबरूही नकोस. निपुण भारत अभियानात पहिलीच्या सुरुवातीचे बारा आठवडे ‘विद्याप्रवेश’साठी, म्हणजे खेळातून तयारीसाठी, दिलेले आहेत. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास ठरवले आहेत. त्यांतले पहिले पंधरा दिवस मुलांचं बोलणं ऐकण्यात गेले, तर उरलेल्या दिवसांत तुझे कष्ट वाचतील. शिक्षकाला पहिलीच्या पोरांचं ऐकायचं काय, असं मानणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही.

गणिताचा एक खास मुद्दा. शहागंजात संध्याकाळी वडिलांच्या गाडीवर उभी राहणारी मुलं तुझ्या शाळेत वरच्या वर्गांत आहेत. पावणेदोन किलो फळांचे पैसे ती तोंडी सांगतात, आणि वहीत वजाबाकी मांडली की अडतात. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली-कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. त्यांना नेमकं हेच आढळलं, आणि उलटही: शाळेत गणितं सोडवणारी पण बाजारात काम न करणारी मुलं बाजाराचा हिशेब करताना अडखळली. म्हणजे कुणी ‘ढ’ नाही, दोन्हींमधला पूल कुणी बांधलेला नाही. पहिलीपासूनच खोट्या नोटा, तराजू, रिकामी खोकी घेऊन वर्गात दुकान मांड. मुलानं तोंडी सांगितलेला हिशेब त्याच्या डोळ्यांसमोर फळ्यावर लिही आणि त्याला सांग, तू आत्ता बोललास ते असं लिहितात.

आता जे लिहिते ते जरा जड आहे. २०१८ च्या मे महिन्यात मोतीकारंजाजवळ सुरू झालेली दंगल राजाबाजार, शहागंजपर्यंत पसरली. माणसं गेली, दुकानं जळाली. महिन्याभरात शाळा उघडायची होती. त्या जूनमध्ये आमच्या तयारीत तक्ते नव्हतेच. आम्ही शिक्षक बसलो आणि एवढंच ठरवलं की बसण्याची जुनी रचना मोडायची नाही, जो ज्याच्या शेजारी बसत होता तो तिथेच बसेल. मुलं बोलणार होतीच, कुणाचं दुकान गेलं, कोण रात्रभर माळ्यावर लपलं. ते बोलणं थांबवायचं नाही. पण एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवून ‘तुमच्यातल्यांनी’ असं म्हटलं, की तिथे शिक्षकानं उभं राहायचं आणि सांगायचं, याचं नाव घेऊन बोल, हा तुझा मित्र आहे. हे आम्हाला सोपं गेलं नाही. काही पालकांनी मुलांच्या जागा बदलून मागितल्या. आम्ही नाही म्हणालो, आणि नाही का म्हणतो ते प्रत्येकाला बसवून समजावलं. मुलांची आणि घरांची ओळख आधीची होती म्हणूनच ते ऐकलं गेलं. अनोळखी बाईचं त्या दिवसांत कुणी ऐकलं नसतं. तुझ्या वाट्याला तसा जून कधी येऊ नये, पण ओळख मात्र आत्तापासून कर. गरज पडल्यावर ती करायला वेळ मिळत नाही.

शालेय व्यवस्थापन समितीच्या बैठकीकडेही नुसत्या सह्यांचं काम म्हणून बघू नकोस. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. गल्लीत भेटलेल्या आयांपैकी धीट वाटेल तिला तिथे बोलतं कर. स्वच्छतागृहाच्या दाराची कडी आणि पोषण आहाराच्या भाताची चव, हे विषय त्यांना तुझ्यामाझ्याहून चांगले कळतात.

अक्षरकार्डं करताना चित्रं इथलीच घे. ‘ख’ खटाऱ्याचा कशाला, शहागंजात ‘ख’ खजुराचा. ‘घ’ला क्लॉक टॉवरचं घड्याळ काढ.

पहिल्या पंधरवड्यानंतरच्या रविवारी हजेरीपट घेऊन माझ्याकडे ये. कोणत्या गल्लीतली मुलं कोणत्या वारी येत नाहीत ते आपण दोघी बसून जुळवू, आणि ज्याचा एकही शब्द तू अजून ऐकला नसशील, त्या मुलाबद्दल आधी बोलू. जेवायलाच ये.

तुझी,
आत्या