सोयाच्या मेणाची मेणबत्ती

मेणबत्ती आपल्या ओळखीची आहे. वीज गेली की तिची आठवण होते. बाजारातली साधी मेणबत्ती बहुधा खनिज तेलातून निघालेल्या मेणाची असते. आता सोयाच्या मेणाची मेणबत्तीही मिळते. ती पेल्यात ओततात. तिला सुवास असतो. लोक ती सणाला भेट देतात. विचुंब्याच्या बायांना पनवेलचा बाजार जवळ. मग हे काम शिकायला काय हरकत?

आजी विचारतील, "अगं, सोयाबीन आपल्या खाचरात कुठं होतं?" खरे आहे. ते विदर्भात आणि मराठवाड्यात पिकते. त्याचे तेल काढतात. कारखान्यात त्या तेलात हायड्रोजन वायू मिसळून ते घट्ट करतात. वनस्पती तूपही असेच होते. हे काम घरी होत नाही. म्हणून मेण तयार आणावे. पेल्यात ओतण्याचे मेण मागावे.

सामान

मेण ५०० ग्रॅम. मेणबत्तीसाठीचे सुगंधी तेल ३० ग्रॅम. जाड काचेचे ५ पेले. सुती वाती ५, खाली पत्र्याची चकती असलेल्या. वजनकाटा आणि तापमापक. ताप बघायचा तापमापक चालणार नाही. त्याचे आकडे ४२ च्या आसपास संपतात. करवंटी दिसते छान, पण ती पेट घेते. ती वापरू नये.

कृती

पेले कोरडे पुसा. वात मधोमध उभी चिकटवा. मोठ्या पातेल्यात पाणी तापवा. त्यात छोटे भांडे ठेवून मेण वितळवा. मेणाचे भांडे थेट आचेवर ठेवू नका.

तापमापक ७५ अंश दाखवील, तेव्हा भांडे उतरवा. ७० अंशांवर सुगंधी तेल घाला. दोन मिनिटे सावकाश ढवळा. ५५ अंशांवर पेल्यांत ओता. वात काडीने सरळ धरून ठेवा. एक दिवस पेले हलवू नका. आठवडाभर ठेवून मग पेटवा. पेटवण्याआधी वात पाव इंच ठेवून कापा. तयार पेले उन्हात ठेवू नका. हे मेण लवकर मऊ होते.

जपा!

मेण तापत असताना चुलीपासून हलू नका. पदर खोचा. पोरे दूर ठेवा. मेणाने पेट घेतला तर पाणी टाकू नका. पाण्याने जाळ उसळतो. आच बंद करा आणि भांड्यावर झाकण ठेवा. हात भाजला तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा. हळद, शाई, दातांची पेस्ट लावू नका. भाजणे मोठे असेल तर लगेच दवाखान्यात जा.

हिशोब

महाबळेश्वरला भावेश भाटिया यांनी हातगाडीवर मेणबत्त्या विकायला सुरुवात केली. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही. पुढे त्यांचा मोठा कारखाना झाला. तिथे अनेक अंध माणसे काम करतात. धंदा वाढतो, पण हिशोब चोख हवा.

समजा, मेण, वाती, तेल, पेले आणि गॅस मिळून ४५० रुपये लागले. पेले झाले ५. एक पेला ९० रुपयांना पडला. तो ८० ला विकला तर १० रुपये पदरचे गेले. शिवाय मेहनत फुकट! वहीत लिहिले नाही तर हा तोटा दिसत नाही. हातात पैसा खेळतो, म्हणून नफा झाला असे वाटते.

म्हणून पहिल्यांदा पाचच पेले करा. घरी जाळून बघा. मगच बचत गटातून कर्ज काढायचे की नाही, ते ठरवा.

सांगा पाहू

१. सुगंधी तेल किती अंशांवर घालावे?
२. मेण पेटले तर काय करावे?
३. खर्च ६०० रुपये आणि पेले ५. एक पेला कितीला पडला?