भाताच्या तुसाची राख आणि पिण्याचे पाणी

जुलाबाने कोमेजलेले मूल तपासताना मी प्रथम विचारतो, ‘पाणी कोठले पिता?’ आपल्या तेलंगणात भातगिरण्यांमागे तुसाचे ढीग असतात. त्याची राख सच्छिद्र व सिलिकायुक्त असते. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्राने तिच्यापासून ‘सुजल’ हे स्वस्त गाळणे सिद्ध केले. २००९ साली आलेल्या ‘टाटा स्वच्छ’मध्ये राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसविले होते. राख गढूळपणा अडविते, चांदी जंतू मारते. वीज लागत नाही.

मात्र नलगोंड्यातील मुलांचे दात डागाळणारे व हाडे वाकविणारे फ्लोराइड अशा गाळण्याने जात नाही. त्यासाठी नागपूरच्या ‘नीरी’ने तुरटी-चुन्याची ‘नलगोंडा पद्धत’ दिली. म्हणून गाळणे सुचविण्यापूर्वी पाण्याची तपासणी करून घ्यावी, ही व्यवसायबंधूंना विनंती.