सोळा अक्षरांची कोठी

तुमच्या दारावरच्या पत्रपेटीत एकच पत्र मावते, अशी कल्पना करा. दुसरे येण्यापूर्वी पहिले काढून घेतले नाही, तर पहिले कायमचे गेले! १९८१ सालच्या आय.बी.एम. पी.सी.च्या सिरियल पोर्ट कार्डावरील ८२५० या चिपची स्थिती अशीच होती. तारेतून येणारे बिट जुळवून ती अक्षर तयार करी व संगणकाला हाक मारी. या हाकेला इंटरप्ट म्हणतात.

आता थोडे गणित करू. वेग सेकंदाला ३८,४०० बिट, आणि आरंभीचा व शेवटचा बिट धरून एका अक्षराचे १० बिट. म्हणजे सेकंदाला ३,८४० अक्षरे; एकेक उचलायला अवघे ०.२६ मिलिसेकंद. एकाच कामात गुंतलेल्या यंत्राला हे बहुधा जमे. युनिक्सचे तसे नाही. तेथे वापरणारे अनेक, टर्मिनले अनेक. शिवाय डिस्कचे नाजूक काम चालू असता युनिक्स इतर हाका क्षणभर थोपवून धरते. तेवढ्यात अक्षर हरवते. मोडेमवरून फाइल येत असेल, तर तो तुकडा पुन्हा मागवणे आले.

१९८४ सालच्या पी.सी.-ए.टी.मध्ये १६४५० आली. संगणकाशी तिची देवघेव जलद होती, पण पेटी एकाच पत्राची. खरा उपाय १६५५० मध्ये योजला गेला. येणाऱ्या १६ अक्षरांची एक कोठी, जाणाऱ्या १६ अक्षरांची दुसरी. आधी आलेले आधी बाहेर. दुर्दैवाने पहिल्या आवृत्तीत कोठीतच दोष निघाला आणि तिच्यावर विसंबता येईना. नॅशनल सेमिकंडक्टरने तो दुरुस्त करून १६५५०-ए काढली. कार्ड घेणाऱ्याने चिपवरचा हा 'ए' पाहिला नाही, तर पैसे कोठीचे आणि माल एका पत्राच्या पेटीचा!

प्रणाली मात्र फसत नाही. ती चिपला 'कोठी उघड' असा आदेश देते आणि एका रजिस्टरातले वरचे दोन बिट वाचते. १६४५० कडून ००, सदोष १६५५० कडून १० आणि १६५५०-ए कडून ११ असे उत्तर येते. ही युक्ती मला फार आवडते.

कोठीत किती अक्षरे साठल्यावर हाक मारायची, हेही ठरवता येते: १, ४, ८ किंवा १४. आठ ठरवल्यास हाका सेकंदाला ३,८४० ऐवजी ४८० होतात, आणि हाकेनंतरही आठ जागा, म्हणजे सुमारे २ मिलिसेकंदांची सवड उरते. चौदा ठरवल्यास हाका आणखी घटतील, पण सवड किती उरेल? करून पाहा. आणि तीनच अक्षरे येऊन तार गप्प झाली तर? चार अक्षरांइतका वेळ वाट पाहून चिप आपणहून हाक मारते.

आता घरगुती संगणकांवर सिरियल पोर्ट क्वचितच दिसतो. पण शाळेत लिनक्सचा असा एखादा संगणक असेल, तर तो सुरू होतानाचे संदेश वाचा. सिरियल पोर्टच्या ओळीत बहुधा १६५५०-ए हेच नाव सापडेल.