नाव खोडले, पण ओळख पुसली का?

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आदिवासी समाजात बराच आढळतो. आपल्या राज्यात नंदुरबार, गडचिरोली या जिल्ह्यांत त्याचे रुग्ण आहेत. 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले. तपासण्या वाढल्या, तशा नोंदीही वाढल्या. अशाच नोंदींतून सेवाकार्याचे अहवाल आणि प्रार्थना-विनंत्या लिहिल्या जातात. म्हणून हा पाठ.

समजा, अहवालात असे आले: “अक्राणी तालुका, साठ उंबऱ्यांचा पाडा. नववीतली मुलगी. थोरला भाऊ याच आजाराने गेला.” नाव कुठेच नाही. कोल्हापुरातल्या वाचकाला ती कळणार नाही, पण शेजारच्या पाड्याला लगेच कळेल. उद्या तिच्या सोयरिकीत हीच ओळ आड येईल.

अमेरिकेत हे घडून गेले आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावे काढून संशोधनासाठी दिल्या. 1997 मध्ये लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड मतदारयादीशी ताडून पाहिले आणि खुद्द राज्यपालांची नोंद शोधून काढली.

आपला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 हेच ध्यानात घेतो. ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते, ती वैयक्तिक माहिती. मग नाव असो वा नसो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. एचआयव्हीबाबत 2017 चा स्वतंत्र कायदा गोपनीयतेचे रक्षण करतो.

मग लिहावे कसे?

1. पाडा व तालुका गाळून फक्त जिल्हा लिहावा.
2. नेमके वय व तारखा टाळाव्यात; “एक किशोरवयीन मुलगी” पुरे.
3. कुटुंबातील वेगळी घटना, शाळा, चेहरा दिसणारे छायाचित्र वगळावे.
4. आकडा अगदी लहान असेल, तर गावनिहाय न देता जिल्ह्याची बेरीज द्यावी.
5. नाव आणि क्रमांक जोडणारी वही वेगळी, कुलपात ठेवावी. उपचारासाठी नाव लागतेच. ते उपचार करणाऱ्यांपाशीच राहावे.

हाच नियम मंडळीच्या व्हॉट्सॲप गटालाही लावावा. प्रार्थना करण्यासाठी रुग्णाचा पाडा ठाऊक असण्याची गरज नाही.

चर्चेसाठी: मागच्या अंकातील एक साक्ष घ्या. ती त्या रुग्णाच्या शेजाऱ्याने वाचली, तर त्याला काय कळेल?