लॅपटॉप आणि मानेचे दुखणे

"डॉक्टर, मान आखडते, खांदा भरून येतो. उशी बदलून पाहिली, पण गुण नाही," अशी तक्रार हल्ली कॉलेजच्या मुलामुलींकडूनही ऐकू येते. विचारपूस केली की कळते, रोज पाच-सहा तास लॅपटॉपवर काम चालते. तेही पलंगावर किंवा मांडी घालून. घरचे म्हणतात, "नीट बसत नाही, म्हणून दुखते." परंतु दोष केवळ बसण्याचा नाही, यंत्राच्या घडणीतही आहे.

मूळ दोष कोणता?

लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड बिजागरीने जोडलेले असतात. पडदा डोळ्यांसमोर हवा, तर कीबोर्ड कोपराच्या उंचीवर. या दोहोंत सुमारे दीड फुटाचे अंतर असते. कीबोर्ड सोयीचा ठेवला तर मान वाकते; पडदा वर घेतला तर खांदे उचलावे लागतात. मोठ्या माणसाचे डोके साडेचार ते पाच किलोचे असते. भरलेली कळशी अंगाजवळ धरली तर फारशी जड वाटत नाही. हात लांब करून धरली तर लगेच हात भरून येतो. पुढे झुकलेले डोके तोलताना मानेच्या स्नायूंचे तसेच होते.

दोष टिकून का आहे?

मिटणाऱ्या झाकणाची ही घडण १९८२ च्या 'ग्रिड कंपास' या संगणकापासून रूढ झाली. कीबोर्ड पडद्यापासून वेगळा असावा, असा नियम युरोपीय समुदायाने कार्यालयांसाठी १९९० साली केला. मात्र एका जागी सतत वापरात नसलेल्या सुटसुटीत संगणकांना त्यातून सूट दिली. प्रवासापुरते असलेले हे यंत्र पुढे दिवसभराच्या कामाचे झाले, घडण मात्र तीच राहिली. दुकानात आपण वजन, जाडी आणि किंमत पाहतो. मान दुखू लागते ती काही महिन्यांनी. त्यामुळे कारखानदारही पातळपणाकडेच लक्ष देतात.

दुसरा दोष उष्णतेचा. अनेक लॅपटॉपमध्ये हवा आत घेण्याची छिद्रे तळाशी असतात. गादीवर ती बुजतात आणि यंत्र तापते. असे यंत्र रोज मांडीवर घेतल्यास कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडू शकतात.

उपाय काय?

१) लॅपटॉप चौरंगावर किंवा जाड पुस्तकांवर ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी.
२) वेगळा कीबोर्ड आणि माऊस जोडावा. हा खर्च औषधांपेक्षा कमीच पडतो.
३) पाठीला टेकू असावा, पाय जमिनीला टेकावेत.
४) दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चालावे.
५) यंत्र मांडीवर किंवा गादीवर ठेवू नये.

हाताला मुंग्या येत असतील, बोटे बधिर होत असतील किंवा पकड सैल झाली असेल, तर मलम चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. आणि मुलांना "नीट बस" म्हणण्यापूर्वी, त्या यंत्रापुढे नीट बसता येते का, हे आपण स्वतः एकदा बसून पाहावे.